छापखान्यातली जुनी खोली

जुलै २०२३ मधली गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत एक छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून एखादं पुस्तक आणि दरवर्षी एक दिवाळी अंक, असा त्यांचा पसारा. तिथल्या संगणकांची देखभाल मी बरीच वर्षं करतो. सकाळी साडेनऊला मालकांचा, म्हणजे अण्णांचा फोन आला. "ताईंचं मशीन उठत नाही. पंखा फिरतो, पडदा काळाच."

ताई म्हणजे तिथे टाइप करून पानं लावणाऱ्या. त्यांचं मशीन म्हणजे पेंटियम ४, मेमरी ५१२ एमबी, ४० जीबीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज एक्सपी आणि पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, पेजमेकर ७. झाकण काढलं तर मदरबोर्डवरचे पाच कपॅसिटर पापडासारखे फुगलेले, एकातून तर तपकिरी रस बाहेर आलेला. आधीच म्हातारं यंत्र, त्यात पावसाळ्यातली दमट हवा आणि दिवसातून चार वेळा येणारी-जाणारी वीज. डिस्क मात्र शाबूत होती. आवाज नाही, खरखर नाही.

अण्णांनी लगेच विचारलं, "नवीन मशीन आणू, त्यात हेच सगळं टाकून दे. दोन दिवसांत होईल ना?"

दोन दिवसांत झालं नाही. सव्वादोन आठवडे लागले. वर पुढे एक मोठी चूक झाली, तीही माझ्या सल्ल्यामुळे. तेव्हा काय झालं, का झालं, हे सगळं नीट लिहून ठेवतो. अशी जुनी यंत्रं अजून पुष्कळ छापखान्यांत शेवटचे श्वास घेत आहेत.

नेमकं काय अडकलं होतं

अण्णांच्या लेखी अडकल्या होत्या फायली. सुमारे ११ जीबी, २००३ पासूनचं सगळं काम. त्या सोडवणं सोपं होतं. जुनी डिस्क काढली, यूएसबीच्या अडॅप्टरला लावली, फायली दुसरीकडे उतरवल्या. तासाभराचं काम.

पण फाईल हाती असणं आणि ती उघडणं यांत अंतर होतं. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला एकच आकडा देणारी पद्धत, कळत नाही. त्या काळातले मराठी फाँट एक युक्ती करत. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीचे आकार बसवायचे. संगणकाच्या मते तिथे रोमन अक्षर किंवा एखादं विचित्र चिन्ह असतं, फाँट फक्त त्याचा 'क' किंवा अर्धा 'श' काढून दाखवतो. फाँट काढून घेतला की अख्खा दिवाळी अंक म्हणजे निव्वळ कचरा. त्यातही प्रत्येक कंपनीच्या फाँटची मांडणी वेगळी. या छापखान्याचं फाँटचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालणारं. कॉम्प्युटरच्या मागे एक छोटी कुलपासारखी वस्तू लावलेली असेल तरच टायपिंग सुरू होणार. सुरुवातीला हे डोंगल प्रिंटरच्या रुंद पोर्टवर बसायचं. मधे कधीतरी अण्णांनी ते बदलून यूएसबीचं घेतलं होतं. त्या एका निर्णयानं पुढचे सगळे कष्ट वाचवले, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, जी पहिल्या दिवशी माझ्याही लक्षात आली नाही, ती म्हणजे ताईंची बोटं. ताई बावीस वर्षं त्याच कीबोर्डवर, त्या सॉफ्टवेअरच्याच टाइपरायटर मांडणीत टाइप करतात. कुठल्या कळीवर पाऊण 'ह', कुठल्या कळीवर रफार, हे त्यांना सांगता येत नाही. बोटांना येतं. मी नव्या विंडोजवर युनिकोडची इनस्क्रिप्ट मांडणी लावून दिली. ताईंनी दोन ओळी टाइप केल्या, थांबल्या, म्हणाल्या, "दादा, हे शिकेन मी. पण यंदाचा अंक तेवढा होऊ द्या."

माझ्या मते पुढचा सगळा निर्णय या एका वाक्यावर उभा राहिला. फायली नव्या जागी नेण्यापेक्षा, हातात अंक असताना एका माणसाचा वेग मोडू न देणं महत्त्वाचं होतं.

जे पर्याय टिकले नाहीत

नव्या संगणकावर विंडोज ११ होतं. 'कंपॅटिबिलिटी मोड', म्हणजे जुने प्रोग्रॅम चालवायची विंडोजमधली सोय, 'लाव' असं सांगणारे भेटतात. पण विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येतं, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. त्या काळातली कितीतरी सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिटांची असली तरी त्यांचा इन्स्टॉलर १६ बिटांचा असे. मुख्य अडचण वेगळीच होती, डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखू देणारा छोटा प्रोग्रॅम. ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजच्या गाभ्यात शिरूच शकत नाही. तिथे मोड बदलून काही होत नाही. फाँट कंपनीची नवी आवृत्ती निघालेली आहे. पण ती घ्यायची म्हणजे पैसे, शिवाय जुन्या पेजमेकर फायलींचा प्रश्न तसाच.

सेकंड हँड मदरबोर्ड शोधायचा? पुण्यात मिळाला असता. पण पंधरा-वीस वर्षं जुना बोर्ड म्हणजे त्याच वयाचे कपॅसिटर. कपॅसिटर बदलून देणारा कारागीर मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर माझा पहिला ओढा तिकडेच होता. जुनं यंत्र दुरुस्त होताना बघायला बरं वाटतं. अण्णांनीच नाही म्हटलं. "ते पुन्हा ऐन दिवाळीत बसलं तर?"

सगळं इनडिझाइन, म्हणजे पेजमेकरची जागा घेणारं सॉफ्टवेअर, आणि युनिकोडवर न्यायचं? तो शेवटचा मुक्काम, यात वाद नाही. २०१२ च्या सीएस६ पासून इनडिझाइनमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात. पण अंक तोंडावर असताना ते करायचं नव्हतं.

उरलं व्हर्च्युअल मशीन. नव्या संगणकाच्या पोटातच एक जुना संगणक.

वाडा आणि बिऱ्हाड

अण्णांना मी हे असं समजावलं. नवा संगणक म्हणजे वाडा. विंडोज ११ हा वाड्याचा मालक. आत एक खोली काढून तिथे एक्सपीचं बिऱ्हाड ठेवायचं. बिऱ्हाडकरूला वाटतं, हे स्वतंत्र घर आहे, आपला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची डिस्क. प्रत्यक्षात त्याची डिस्क म्हणजे मालकाच्या डिस्कवरची एक मोठी फाईल. व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर हा मधला कारभारी, बिऱ्हाडाला पाणी किती, उजेड किती, हे ठरवणारा.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आणलं, तेव्हा एकाच मोठ्या यंत्रात अनेकांना आपापलं स्वतंत्र यंत्र असल्यासारखं काम करता येत होतं. टेबलावरच्या इंटेल प्रोसेसरना मात्र हे बरीच वर्षं जमत नव्हतं. त्यांच्या काही आज्ञा अशा होत्या की बिऱ्हाडकरूनं त्या दिल्या तर कारभाऱ्याला पत्ताच लागत नसे. १९९९ साली व्हीएमवेअरने त्या आज्ञा चालता चालता बदलून टाकण्याची युक्ती बाजारात आणली. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली. आज आपण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगांत, जाऊन जे 'व्हीटी-एक्स' सुरू करतो, ते हेच.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर अर्धा दिवस गेला. हायपर-व्ही विंडोजच्या प्रो आवृत्तीत फुकट येतं, पण त्यात यूएसबीची वाटेल ती वस्तू पाहुण्या, म्हणजे आतल्या, यंत्राला थेट देता येत नाही. म्हणजे डोंगल बाहेरच. व्हीएमवेअरची फुकट आवृत्ती तेव्हा व्यावसायिक वापराला चालत नव्हती. (नोव्हेंबर २०२४ पासून व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो सगळ्यांनाच फुकट झालं. आज निवड करायची असती तर दोन्ही लावून पाहिले असते.) मग व्हर्च्युअलबॉक्स. २००७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला, नंतर ते सन या कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनसोबत ओरॅकलकडे गेलं. मूळ पॅकेज मुक्त परवान्याखाली आहे. त्याच्याबरोबर 'एक्स्टेंशन पॅक' नावाची पुरवणी मिळते, आणि ती घाईत लावणारे खूप. तिचा परवाना वेगळा आहे. घरगुती वापराला आणि शिक्षणाला ती फुकट, धंद्याला नाही. छापखाना हा धंदा आहे. आम्ही ती लावली नाही. डोंगलला यूएसबी १.१ पुरतं, आणि ते मूळ पॅकेजात आहे.

पहिला प्रयत्न

मला मोह झाला जुनी डिस्क जशीच्या तशी उचलून आत नेण्याचा. ताईंचा डेस्कटॉप, त्यांचे शॉर्टकट, भिंतीवरच्या विठ्ठलाचं चित्र, सगळं तसंच. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डिस्कची अक्षरशः प्रत घेतली, व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय फाईलमध्ये बदलली, आणि यंत्र सुरू केलं. एक्सपीची पट्टी दोनदा सरकली आणि निळा पडदा. कोड ७बी.

ज्यानं हे काम केलंय त्याला तो आकडा ओळखीचा आहे. एक्सपीला आपली डिस्कच सापडत नाही, असा त्याचा अर्थ. जुन्या बोर्डच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर एक्सपीनं पाठ केलेला. नव्या खोलीत कंट्रोलर दुसराच. याला उपाय आहे, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, सर्वसाधारण आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) ड्रायव्हरच्या नोंदी भरायच्या. मी तो करायला बसलोही. मग एक गोष्ट आठवली, जी खरं तर सुरुवातीलाच आठवायला हवी होती. त्या यंत्रातलं एक्सपी यंत्राबरोबर आलेलं होतं. असा परवाना त्या यंत्रालाच बांधलेला असतो, यंत्र मेलं की तोही संपतो. तांत्रिक गाठ सुटली असती, कागदाची नसती.

अण्णा म्हणजे पावती न फेकणारा माणूस. त्यांच्या कपाटात २००५ च्या सुमाराला दुसऱ्या एका संगणकासाठी सुटी विकत घेतलेली एक्सपीची सीडी निघाली, खोक्यासकट, किल्लीच्या स्टिकरसकट. तो संगणक केव्हाच भंगारात गेला होता. हा परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. तेव्हा नवीच खोली बांधायची ठरली.

इथून पुढे काम सरळ गेलं, फक्त एक्सपीच्या वयाचा मान राखावा लागला. डिस्क आयडीई कंट्रोलरवर लावली, कारण एक्सपीच्या सीडीत साटाचा (डिस्क जोडायच्या नंतरच्या पद्धतीचा) आधुनिक ड्रायव्हर नाही. मेमरी १ जीबी, प्रोसेसर एकच. पाहुण्याला जास्त दिलं की ते जास्त चालतं, असा गैरसमज असतो. पेजमेकरला एका प्रोसेसरपलीकडचं काही कळत नाही. सर्व्हिस पॅक ३ चढवला. सक्रियतेसाठी फोनवरून लांबलचक आकडे सांगावे लागले, ते अण्णांनी हौसेनं वाचून दाखवले.

नेटवर्क कार्ड मी सरळ काढूनच टाकलं. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठी खास दुरुस्ती काढावी लागली होती. असं यंत्र इंटरनेटवर सोडण्यात अर्थ नाही. फायलींची ये-जा 'शेअर्ड फोल्डर'मधून. ती सोय नेटवर्कवर चालत नाही, कारभाऱ्याच्या हातून चालते. त्यामुळे कार्ड नसलं तरी अडत नाही.

कासव

एक्सपी चालू झालं, पण पेजमेकरमध्ये पान उलटायला पाच-सहा सेकंद. पेंटियम ४ वर ते क्षणात व्हायचं. ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात छोटी चिन्हं असतात. तिथे एक हिरवं कासव बसलं होतं. हे कुणी चेष्टेनं काढलेलं चित्र नाही. त्याचा नेमका अर्थ असा की प्रोसेसरमधली सोय आधीच दुसऱ्या कुणीतरी ताब्यात घेतली आहे, आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या मागून, त्याची परवानगी घेत घेत काम करावं लागतंय. तो दुसरा म्हणजे विंडोज ११ चा स्वतःचा हायपरव्हायजर, म्हणजे त्याच्या घरचाच कारभारी. नव्या यंत्रांवर 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सुरक्षा बहुधा आधीपासून चालू असते, आणि ती या हायपरव्हायजरवर उभी असते.

तो बंद केला की कासव जातं. पण सुरक्षेची एक भिंतही जाते. इथे मी अण्णांना निर्णय घ्यायला लावला, कारण तो माझा नव्हता. बँक, जीएसटी, ई-मेल हे सगळं त्यांच्या लॅपटॉपवर न्यायचं, ताईंच्या यंत्रावर फक्त पानं लावायची. हे कबूल झाल्यावरच मेमरी इंटिग्रिटी बंद केली, हायपरव्हायजर सुरू होऊ नये अशी आज्ञा दिली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. कासवाच्या जागी निळं चिन्ह. पान झटकन उलटलं. ताईंच्या चेहऱ्यावरून कळलं की आता त्या या यंत्राला 'आपलं' म्हणायला तयार आहेत.

कासव सप्टेंबरमध्ये परत आलं. अण्णांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. गणपतीला घरी आला, त्याला लिनक्स शिकायचं होतं, म्हणून त्यानं विंडोजच्या आतलं लिनक्स सुरू केलं. त्यासाठी 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' लागतं, म्हणजे पुन्हा तोच हायपरव्हायजर. मला फोन आला, "कासव आलंय." तोपर्यंत छापखान्यात तो शब्द रुळला होता. मुलाला लिनक्ससाठी व्हर्च्युअलबॉक्समध्येच दुसरी खोली काढून दिली.

डोंगल, फाँट, प्रिंट

डोंगलची भीती सगळ्यात जास्त होती आणि त्रास सगळ्यात कमी झाला. यूएसबी फिल्टरमध्ये त्याची नोंद केली. यंत्र सुरू झालं की मालकाच्या हातून डोंगल काढून पाहुण्याला द्यायचं, असा तो फिल्टर. विंडोज ११ ला त्याचा ड्रायव्हर नको, ओळख नको. एक्सपीच्या आत जुना ड्रायव्हर बसवला आणि फाँटचं सॉफ्टवेअर पहिल्या झटक्यात उघडलं.

फाँटनं मात्र रडवलं. सॉफ्टवेअरच्या सीडीतले फाँट बसवून २०१९ चा अंक उघडला, तर पेजमेकरनं एक फाँट सापडत नाही म्हणून त्याच्या जागी दुसरा सुचवला. हा पेजमेकरचा मदतीचा हात. तो धरला की मराठी मजकुराचे बारा वाजतात, कारण सुचवलेला फाँट रोमन. नाही म्हटलं. जुन्या डिस्कची जी प्रत घेतली होती, तीच वाचायला दुसरी डिस्क म्हणून जोडली आणि ताईंचा अख्खा फाँट फोल्डर तिथून उचलला. फसलेला प्रयत्न असा कामी आला.

एवढ्यावर भागलं नाही. एका लेखात सगळं बरोबर दिसत होतं, पण ताईंनी छापील अंक शेजारी धरला आणि म्हणाल्या, "शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली." एकाच नावाच्या फाँटच्या दोन आवृत्त्या होत्या, सीडीतली आणि जुन्या यंत्रावरची. अक्षरांच्या रुंदीत केसाएवढा फरक. पण अडीचशे ओळींत केसाकेसानं एक ओळ वाढते. नवा कुठला, जुना कुठला, हे तारखा बघून ठरवलं, सीडीचे फाँट काढून टाकले. मला ती ओळ दिसली नसती. चाचणी म्हणून छापील अंकाशी पान न् पान ताडून पाहायचं, हे ताईंनी ठरवलं आणि दोन अंक त्यांनी तसे ताडले.

चित्रांच्या बाबतीत एक साधी खबरदारी उपयोगी पडली. पेजमेकर मोठं चित्र सहसा आत ठेवत नाही, त्याचा पत्ता ठेवतो. जुन्या यंत्रात सगळी चित्रं 'डी' ड्राइव्हवर होती. म्हणून पाहुण्या यंत्रालाही दुसरी डिस्क देऊन तिला 'डी' हेच अक्षर दिलं आणि फोल्डरांची नावं शब्दशः तीच ठेवली. एकही चित्र हरवलं नाही.

प्रिंटसाठी प्रिंटर आत नेण्याच्या भानगडीत पडलो नाही. ताई आधीही प्लेटला पीडीएफच पाठवत होत्या. पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरवरून फाईलमध्ये प्रिंट, डिस्टिलरमधून पीडीएफ, ती शेअर्ड फोल्डरात. बाहेर विंडोज ११ वर पीडीएफ उघडते, तिथून प्रूफ निघतं, तिथूनच ती सीटीपीवाल्याकडे, म्हणजे छपाईची प्लेट काढणाऱ्याकडे, जाते.

चार दिवस गेले

हा भाग लिहायला जड जातो.

व्हर्च्युअल यंत्राचं सगळ्यात गोड वैशिष्ट्य म्हणजे स्नॅपशॉट. यंत्र आहे त्या क्षणी गोठवून ठेवायचं, पुढे बिघडलं तर त्या क्षणाला परत जायचं. छापखान्यात एक मदतनीस मुलगा आहे, हुशार. त्याला मी शिकवलं, "काही अडलं तर 'सगळं ठीक' नावाच्या स्नॅपशॉटवर मागे जा." वर आणखी एक शहाणपण जोडलं, "उगाच नवे स्नॅपशॉट करू नको, डिस्क भरते."

सप्टेंबरच्या शेवटी, अंकाचे चार फर्मे (सोळा-सोळा पानांचे गठ्ठे) लागत आले असताना, डिस्टिलर अडकला. ताई जेवायला गेल्या होत्या. मुलानं शिकवल्याप्रमाणे स्नॅपशॉट मागे नेला. मागे जाताना व्हर्च्युअलबॉक्स विचारतं, आत्ताची स्थिती आधी जपून ठेवू का, आणि त्या चौकोनात खूण आधीपासून केलेली असते. मुलाला माझं दुसरं वाक्य आठवलं. त्यानं खूण काढली.

डिस्टिलर ठीक झाला. आणि 'डी' ड्राइव्हवरचं चार दिवसांचं कामही स्नॅपशॉटच्या दिवशी होतं तिथे जाऊन बसलं. कारण स्नॅपशॉट घेतला तेव्हा दोन्ही डिस्का त्यात होत्या. यंत्र मागे जातं म्हणजे त्यातलं कामही मागे जातं. हे मला माहीत होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री 'डी'ची प्रत शेअर्ड फोल्डरात घ्यायची, हेही कागदावर होतं, पण अंकाच्या धावपळीत शेवटची प्रत आठवड्यापूर्वीची निघाली.

मी पोचलो तेव्हा मुलगा रडवेला होऊन कागदाच्या रिमांवर बसला होता. अण्णा त्याला काही बोलले नव्हते. मला मात्र एकच वाक्य म्हणाले, "जुनं यंत्र बंद पडायचं, पण लिहिलेलं पुसायचं नाही." त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

सुटका झाली ती प्रूफांमुळे. चौसष्टपैकी बेचाळीस पानांची प्रूफं मुद्रितशोधकाकडे कागदावर होती, दुरुस्त्यांसकट. ताईंनी ती दोन दिवस आणि एका रात्रीत पुन्हा टाइप केली. तो वेग त्यांच्या बोटांचा. इनस्क्रिप्टवर असत्या तर अंक बुडाला असता. त्या वर्षी अधिक श्रावण होता, दिवाळी १२ नोव्हेंबरला गेली. पंचांगानं दिलेला तो जादा महिना नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

नंतर जे बदललं ते असं. 'डी' डिस्कचा प्रकार 'राइट-थ्रू' केला. या प्रकारच्या डिस्कवर स्नॅपशॉटचा परिणामच होत नाही. यंत्र मागे गेलं तरी काम जिथल्या तिथे राहतं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. व्यवस्थेची आणि फाँटची खोली वेगळी, कामाचं कपाट वेगळं. संध्याकाळी यंत्र बंद करताना 'डी'ची प्रत आपोआप शेअर्ड फोल्डरात जाते, तिथून रात्री बाहेरच्या डिस्कवर. आणि स्नॅपशॉट मागे न्यायचा हक्क फक्त ताईंचा.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण दुसऱ्या एका ठिकाणी मी ती फसलेली पाहिली आहे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉटनंतरचे सगळे बदल वेगळ्या फायलींत, 'स्नॅपशॉट्स' फोल्डरात, कंसातल्या लांबलचक नावांनी साठतात. कुणी नुसती मोठी व्हीडीआय फाईल पेनड्राइव्हवर घेतली तर त्याच्या हाती जुनं यंत्र लागतं, आजचं नाही. प्रत घ्यायची तर यंत्र पूर्ण बंद करून अख्खा फोल्डर उचलायचा. वर्षातून एकदा मी तसा फोल्डर माझ्या लॅपटॉपवर नेतो, डोंगल लावतो आणि ताईंच्या देखत एक जुना अंक उघडून दाखवतो. दहा मिनिटांत उघडतो. उघडून दाखवल्याशिवाय त्या प्रतीवर त्यांचा विश्वास नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता

अंक वेळेवर निघाला. त्यानंतरचेही निघाले. 'जुनी खोली' हे नाव छापखान्यात पक्कं झालं आहे. सकाळी आल्यावर ताई विचारतात, "खोली उघडली का?"

फाँटच्या मजकुराचं युनिकोड करण्याचं काम आता चालू आहे, पुस्तकामागून पुस्तक. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण नव्वद टक्के काम झाल्यावर खरं काम सुरू होतं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशीच साठवलेली असते, व्यंजनाच्या आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं उलट. जुन्यात तो अक्षराच्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये 'र' आधी. 'आर्थिक', 'धार्मिक', 'वार्षिक' अशा शब्दांत दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि साधन गोंधळतं. 'पुढाऱ्यांनी'तला ऱ्य तर हमखास तुटतो. ताई हे सगळं खोलीतल्या मूळ पानाशी ताडून बघतात. खोली आता मुख्यतः त्यासाठी लागते. इनस्क्रिप्टही त्यांना येऊ लागलंय. लग्नपत्रिका त्या बाहेरच, युनिकोडमध्ये करतात. अंक अजून आतच.

एक धोका मात्र जसाच्या तसा आहे. खोलीची प्रत दहा ठिकाणी ठेवता येते, डोंगलची ठेवता येत नाही. ते एकच आहे, आणि त्याच्या जोडीला दुसरं मिळालेलं नाही. त्याची नक्कल करणारी सॉफ्टवेअर बाजारात फिरतात, पण ती परवान्याच्या बाहेरची. त्या वाटेला आम्ही गेलो नाही. ताईंनी त्याला लाल दोरा बांधलाय, म्हणजे केराबरोबर जाऊ नये. रोज संध्याकाळी खोली बंद झाली की त्या ते काढतात, अण्णांच्या हातात देतात, आणि अण्णा ते गल्ल्यात, शिक्क्याच्या डबीशेजारी ठेवून कुलूप लावतात.